आजींच्या व्यायामाची वेळ कोण ठरवणार?

साठी उलटलेल्या स्त्रीच्या रक्तातील साखर वाढली, गुडघे कुरकुरू लागले किंवा रात्रीची झोप उडाली, की दवाखान्यातून मिळणारा सल्ला ठरलेला असतो : रोज अर्धा तास चालत जा. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि गेल्या तीन-साडेतीन दशकांतील संशोधनाने हे अपुरेपण पुरेसे स्पष्ट केले आहे. वृद्ध स्त्रीला आजारापेक्षाही अधिक भय असते ते परावलंबनाचे. हातपाय चालते असतानाच डोळे मिटावेत, ही प्रार्थना घरोघरी ऐकू येते. ती फळाला यायची तर स्नायूंची ताकद आणि शरीराचा तोल या दोन गोष्टी नियमाने, टप्प्याटप्प्याने आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली वाढवाव्या लागतात. ही देखरेख पुरवणे आपल्याकडे कोणाचेच काम नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हा आकडा २०५० पर्यंत ३४ कोटी ७० लाखांवर जाईल. याच सुमारास, २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने जगभरच्या शारीरिक निष्क्रियतेचा हिशेब मांडला. भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत, असे त्यात दिसले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते.

या आकड्यावर घरोघरी उमटणारी प्रतिक्रिया ठरावीक असते. जी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात राबते, ती निष्क्रिय कशी? राबते हे खरेच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले होते. मात्र पाच तासांच्या या राबण्याने शरीर दमते, बळकट होत नाही. ओट्यापाशी उभे राहून केलेल्या कामात हात आणि कंबर शिणते. मांडीच्या मोठ्या स्नायूंवर नेहमीपेक्षा अधिक भार येत नाही, आणि भार वाढत गेल्याखेरीज स्नायू वाढत नाही. पूर्वीच्या घरकामात उकिडवे बसणे, मांडी घालून उठणे, कळशी उचलणे असे बरेच काही होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या पिढीतील कितीतरी स्त्रिया पन्नाशीतच वाकल्या. पण ओटा, डायनिंग टेबल आणि कमोड आल्यानंतर जमिनीवरून उठण्याची दिवसातील शेवटची निमित्तेही संपली, आणि त्यांची जागा दुसऱ्या कशाने भरून काढली नाही, हे नोंदवायला हवे.

शरीरात या काळात काय घडते? स्नायूंची झीज तिशी-चाळिशीपासूनच हळूहळू सुरू होते. स्त्रीच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरते आणि पुढील काही वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. तिसरी गोष्ट तोलाची. पाय अडखळला, तर क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून शरीर सावरण्याचे काम मांडी आणि घोट्याचे जलद आकुंचन पावणारे स्नायूतंतू करतात. वयानुसार सर्वांत आधी नाहीसे होतात ते हेच तंतू. सपाट रस्त्यावर संथपणे चालताना त्यांना काम पडत नाही. म्हणून रोज नेमाने फिरायला जाणारी आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतील अनुभव सांगतो. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी पुन्हा पूर्वीसारख्या हिंडू-फिरू शकत नाहीत.

उतारवयात स्नायू पुन्हा कमावता येतात का, या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर १९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथून आले. तेथील एका वृद्ध-निवासातील नव्वदीच्या दहा दुबळ्या स्वयंसेवकांना मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यातील जवळपास तिसरा हिस्सा ताकद निघून गेली. एखादे शिबिर, एखादा योगसप्ताह किंवा २१ जूनची सामुदायिक आसने यांचा उपयोग किती, याचा अंदाज त्यावरून यावा.

पडण्यापुरते बोलायचे, तर पुरावा आता भक्कम आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये १०८ चाचण्यांतील २३ हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र तपासली. त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. परंतु तो प्रामुख्याने तोल आणि दैनंदिन हालचालींच्या सरावाला लागू होता. केवळ चालण्याच्या कार्यक्रमांचा पडण्यावर काय परिणाम होतो, याविषयी निश्चित काही सांगता येत नाही, असे त्याच अहवालात म्हटले आहे. ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर हात मोडून गेलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांना भरभर चालायला सांगितले, तेव्हा त्यांचे पडणे वाढलेच. जिचा तोल आधीच डळमळीत आहे, तिला रस्त्यावर धाडण्याआधी तोल सुधारून घ्यावा लागतो. आणि आपल्या शहरांतील पदपथांची अवस्था पाहता हे अधिकच खरे.

याचा अर्थ चालणे व्यर्थ, असा मुळीच नव्हे. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला आणि साधारण ७,५०० पावलांपुढे अधिक लाभ दिसला नाही. दहा हजार पावलांचा जो दंडक मोबाइलवर मिरवतो, त्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे, वैद्यकशास्त्रात नाही. हृदय आणि साखर यांसाठी चालावेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पासष्टीपुढील व्यक्तींसाठी याशिवाय आणखी एक गोष्ट सांगतात : आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा संमिश्र व्यायाम. दवाखान्यातील सल्ल्यातून नेमकी हीच ओळ गळून जाते.

मग हा व्यायाम घरच्या घरी, पत्रक वाचून किंवा व्हिडिओ पाहून करता येणार नाही का? येथे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. न्यूझीलंडमधील ओटागो येथे ऐंशीपुढील २३३ स्त्रियांपैकी निम्म्यांना घरी करायचे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले गेले. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात १५२ वेळा पडण्याच्या घटना घडल्या, तर व्यायाम करणाऱ्यांत ८८. उलट पाच युरोपीय देशांतील दोन हजारांहून अधिक वृद्धांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डू-हेल्थ’ या चाचणीत घरी करायच्या साध्या व्यायामाचा लक्षणीय लाभ दिसून आला नाही. दोन्हीकडे व्यायाम घरातच होता. मात्र ओटागोत पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा प्रत्येकीच्या घरी गेल्या, तिच्या कुवतीनुसार व्यायाम ठरवून दिला आणि पुढेही दूरध्वनीवरून विचारपूस चालू ठेवली. दोन निकालांतील सगळा फरक एवढ्यानेच पडला, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरी व्यायाम कोणता याइतकेच तो कोणाच्या नजरेखाली होतो यालाही महत्त्व आहे, असे मानण्यास आधार मिळतो.

फ्रान्समधील ‘ओसेबो’ प्रयोग हा या दृष्टीने अधिक जवळचा. ७५ ते ८५ वयाच्या ७०६ स्त्रियांपैकी निम्म्यांना आपापल्या शहरातील सार्वजनिक जागेत आठवड्यातून एकदा, दोन वर्षे, प्रशिक्षित शिक्षकांकडून तोलाचे व्यायाम शिकवण्यात आले. जोडीला घरचा सराव होता. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत इजा होण्याइतपत पडण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले होते. आठवड्यातून एक तास, एक सभागृह, एक शिक्षक. कोणत्याही महापालिकेला न परवडण्यासारखे यात काय आहे?

अमेरिकेतील ‘लाइफ’ या चाचणीकडे आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी विशेष लक्ष द्यायला हवे. सत्तर ते नव्वद या वयोगटातील १,६३५ जणांची तेथे विभागणी करण्यात आली. एका गटाला आठवड्यातून दोनदा केंद्रावर बोलावून चालणे, ताकद आणि तोल यांचा व्यायाम दिला गेला. दुसऱ्या गटासाठी आरोग्यविषयक व्याख्याने ठेवली गेली. सुमारे अडीच वर्षांनंतर चारशे मीटर अंतर चालण्याची क्षमता गमावलेल्यांचे प्रमाण व्याख्याने ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के, तर व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो व्याख्यानांच्या बाजूचा नव्हे. महाराष्ट्रात संघांचे जाळे मोठे आहे, त्यांना सभागृहे मिळतात, सभासदांची हजेरीही असते. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र व्याख्यान, वाढदिवस आणि सहल यांचेच वर्चस्व दिसते. व्यासपीठावर बहुधा पुरुष असतात. स्त्रिया मागल्या खुर्च्यांवर बसून ‘संधिवात : समज-गैरसमज’ ऐकतात. त्याच खुर्च्यांवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे अधिक उपकारक ठरले असते.

स्त्रियांना संघटित व्यायामाचे वावडे आहे, असेही नाही. गेल्या दोन-तीन दशकांत पुणे, ठाणे, डोंबिवली, मुंबई येथे आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांतही मंगळागौरीच्या खेळांचे गट फोफावले. मुळात नववधूंचे हे खेळ. आज ते जाहीरपणे सादर करणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. श्रावणाच्या महिना-दोन महिने आधी तालमी सुरू होतात. झिम्म्यात दिशा सतत बदलते, पिंग्यात कमरेपासून झोका येतो, फुगडीत जोडीदारणीच्या भारावर स्वतःचा तोल धरावा लागतो, बसफुगडीत उकिडव्याने उड्या घ्याव्या लागतात. व्यायामशास्त्राच्या पुस्तकातून ताकद, तोल आणि समन्वय यांची प्रकरणे उचलून कोणी रचावा, तसा हा कार्यक्रम आहे. त्यात भर म्हणजे तालमीला न आलेल्या मैत्रिणीला फोन जातो. गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते, हे कोणत्याही व्यायामशाळेच्या वार्षिक वर्गणीतून विकत मिळत नाही.

उणीव आहे ती सातत्याची आणि जाणकार नजरेची. भाद्रपद उजाडला की तालमी थांबतात आणि पुढचे नऊ-दहा महिने कमावलेले सारे ओसरत जाते. शिवाय हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने वेगवान फुगडी घालणे धोक्याचे आहे, हे सांगणारे बहुतेक गटांत कोणी नसते. हीच गोष्ट योगवर्गांची. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विकसित केलेल्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन वृद्धांनाही उभ्याने करायची आसने साधतात. तोलासाठी ती उत्तम. परंतु मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना वारंवार पुढे वाकवणे घातक ठरू शकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, अशा स्त्रियांपैकी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात नव्याने मणका पिचण्याचे प्रमाण १६ टक्के होते, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. गट लहान होते, तरी इशारा स्पष्ट होता. साठीच्या वर्गातही सूर्यनमस्कारांची संख्या चढाओढीने वाढवत नेणाऱ्या शिक्षकांपर्यंत तो पोहोचायला हवा.

याच्या नेमके उलट टोकही आहे. वृद्ध स्त्रीला जड काही उचलू द्यायचे नाही, या समजाला ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ प्रयोगाने धक्का दिला. हाडांची घनता कमी असलेल्या १०१ रजोनिवृत्त स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, कडक देखरेखीखाली चांगलीच जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. यातील ‘कडक देखरेख’ हे शब्द वगळून हा प्रयोग कोणी घरी करू नये.

मनाविषयी वेगळे सांगावे लागते, कारण घरात ते सर्वांत शेवटी विचारात घेतले जाते. डिमेन्शियाविषयी लॅन्सेटने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत शारीरिक निष्क्रियता आहे आणि सामाजिक एकाकीपणही आहे. समूहातील व्यायाम या दोहोंना एकाच तासात हात घालतो. पती गेल्यावर आणि मुले परगावी वा परदेशी स्थिरावल्यावर ज्या स्त्रीशी दिवसभरात फक्त दूधवाला आणि दूरचित्रवाणी बोलते, तिच्यासाठी हा तास केवढा मोठा असतो! खोकताना-हसताना लघवीवरचे नियंत्रण सुटणे हे दुखणे तर स्त्रिया डॉक्टरांनाही सांगत नाहीत आणि त्यापायी बाहेर पडणेच सोडून देतात. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे साधे व्यायाम यावर गुणकारी आहेत. समवयस्क स्त्रियांच्या वर्गात कोणी एक जण धीर करून बोलते आणि मग इतरही बोलत्या होतात.

आता सरकार आणि महापालिका यांच्याकडे वळू. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटा आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. पण तेथे पोहोचते ती पडून झालेली स्त्री. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या, अल्प उत्पन्न गटातील व्यक्तीच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याची तरतूद झाली. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी. योगोपचार केंद्रांचा उल्लेखही योजनेत आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. मात्र ही केंद्रे वस्तीपासून किती अंतरावर आणि कोणत्या वेळेला चालू असावीत, याचे उत्तर एकदाच मिळणाऱ्या रकमेत नाही. काठी एकदा घेता येते. व्यायाम दर आठवड्याला करावा लागतो.

महापालिकांचा कल यंत्रांकडे आहे. उद्यानाच्या कोपऱ्यात रंगीत ‘ओपन जिम’ उभारणे सोपे, त्यावर नाव रंगवणे त्याहून सोपे. त्या यंत्रांवर कोणी काय करायचे आणि काय टाळायचे, हे सांगणारे माणूस सहसा तेथे नसते. वेळेचा प्रश्नही तितकाच बोचरा आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात घरातील डबे, नातवंडांची शाळा आणि पाण्याची वेळ एकत्र येते. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. या वयाच्या बहुसंख्य स्त्रियांना खरी सवड मिळते ती दुपारी, आणि नेमक्या त्या वेळी काही तास अनेक उद्यानांच्या फाटकांना कुलूप असते. आतल्या स्वच्छतागृहाची अवस्था हे आणखी एक अदृश्य कुलूप.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती या वर्गांची फी भरणाऱ्या घरांतच धुण्याभांड्याला येणारी साठीची बाई. तिचा व्यायाम कामातच होतो, असे तिच्याविषयी सर्रास म्हटले जाते. तिचे गुडघे मात्र मालकिणीच्या गुडघ्यांइतकेच, बहुधा अधिक, झिजलेले असतात आणि पडून हाड मोडले, तर तिच्या घरातील कमाईही त्याच दिवशी थांबते. तिच्यासाठी वर्ग भरवायचा, तर तो विनाशुल्क, वस्तीतच आणि दुपारच्या दोन कामांच्या मधल्या फटीत भरवावा लागेल. वस्त्यांमध्ये समाजमंदिरे आहेत, एका सत्रात चालणाऱ्या महापालिका शाळांचे वर्ग उरलेला दिवस रिकामे असतात, बचत गटांतून शिकण्यास उत्सुक तरुण स्त्रियाही मिळतील. त्यांना काही महिने नीट प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमणे, आणि महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टने येऊन पाहणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. लागणारी सामग्री म्हणजे हाताला आधार देणारी भिंत, न हलणाऱ्या खुर्च्या आणि वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या. प्रभागाच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र शीर्ष नसल्याने ही मागणी आज महिला व बालकल्याणाकडून आरोग्य विभागाकडे, आणि तेथून उद्यान विभागाकडे टोलवता येते.